बळद म्हणजे बैल बांधायची जागा

नले,

गिरणीवरचा फळा काढायचा की ठेवायचा, हे विचारायला रशीदभाईंचा फोन आला आणि मी सवयीनं म्हणून गेले, "थांबा, नलूला विचारून सांगते." पलीकडे गिरणीचा पट्टा फटफट वाजत होता. मग माझ्याच ध्यानात आलं. तू गेलीस हे मला ठाऊक होतं, जिभेला अजून ठाऊक झालेलं नव्हतं.

रशीदभाईंचंही चुकत नाही. त्यांच्या गिरणीची ती भिंत ऐन रस्त्यावर येते, आणि त्या रस्त्यानं आता सकाळ-संध्याकाळ क्लासची पोरं वाहत असतात. लातुरात मोकळी भिंत म्हणजे आता डॉक्टर झालेल्या पोरांचे फोटो लावायची जागा. "क्लासवाले दर हप्त्याला पुसून राहिले, बाई," रशीदभाई म्हणाले. "नलूबाई होत्या तवर मी न्हाई म्हणलो. आता तुम्ही जे म्हणाल ते." तू असताना फळ्याचं काहीही असलं की सगळे तुझ्याकडे बोट दाखवायचे. आता ते बोट माझ्याकडे वळलं, आणि मी 'गिरणीवर येऊन सांगते' म्हणून फोन ठेवला. फळा गेला की आपला शब्दांचा कोशही गेला, हे रशीदभाईंना कळत होतं आणि मलाही.

आपली ओळखच त्या फळ्यापाशी झाली. भूकंपानंतरचा एक हिवाळा सरला होता. तू एका शाळेत शिकवायचीस, मी दुसऱ्या. मी जवारीचा डबा घेऊन नंबर लावून उभी होते. भिंतीवर काळा रंग दिलेला एक चौकोन आणि त्यात खडूनं लिहिलेलं: 'बळद म्हणजे बैल बांधायची जागा.' चुकीचं काही लिहिलेलं दिसलं की मला अंगावर मुंगी चढल्यासारखं होतं, हे पुढं तुला चांगलंच माहीत झालं. मी डबा खाली ठेवला, खडू उचलला आणि ती ओळ खोडली. माझ्या माहेरी बळद होतं. भिंतीच्या पोटात बांधलेली धान्याची कोठी. वर मातीच्या छतावर, माळवदावर, तिचं तोंड, तिथून जवारी ओतायची. खाली घरात भिंतीला एक भोक, बोळा काढला की त्यातून धान्य घरंगळत सुपात येतं. बैलाचा आणि त्याचा काही संबंध नाही. मी तसं लिहिलं आणि मागं वळून विचारलं, "हे कोणी लिहिलंय?"

"म्या," तू म्हणालीस.

"साफ चूक आहे."

तू बाकाला हात टेकलास आणि खाली बसलीस. तुझा चेहरा उतरला. मला वाटलं, चारचौघींत चूक काढली म्हणून तुला लागलं. मग तू विचारलंस, "वरून ओततात? आन् काढायचं घरातून? गोठ्याकडून न्हाई?"

"गोठ्याचा काय संबंध?"

तू पिठाच्या धारेकडे बघितलंस. मग आपला डबा सरकवून माझ्यासाठी जागा केलीस आणि म्हणालीस, "हाव का? मग बसा. आणखी सांगा."

तेव्हा बसले, ती आजतागायत उठले नाही.

पडलेल्या गावांच्या जागी सिमेंटची घरं होणार, एका मापाची, एका रांगेत. त्या घरांतल्या पोरांना देवळी, बळद, माळवद हे शब्द ऐकायलाही मिळणार नाहीत, म्हणून घराचे शब्द गोळा करायचे, असं तू मला त्या बाकावर सांगितलंस. मला ते पटलं, पण खडूवर नि पिठाच्या बाकावर चालणारं काम मला काही काम वाटेना. मी लगेच आराखडा केला. तालुक्यागणिक एक प्रमुख, त्याच्या हाताखाली चार शिक्षक, दरमहा बैठक, शब्दांसाठी छापील तक्ते. मी परिपत्रक काढलं, शाळाशाळांत वाटलं. पहिल्या बैठकीला तू आलीस, मी आले, आणि ज्या शाळेत बैठक होती तिथला शिपाई आला, कारण कुलूप त्याला लावायचं होतं. दुसऱ्या बैठकीला शिपाईही किल्ली माझ्या हातात देऊन घरी गेला.

"आराखडा चांगला व्हता," तू नंतर म्हणालीस. "फकस्त माणसं घालायची राहिली त्यात." मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही.

तुझी रीत निराळी होती. तू कधी कुणाला 'मदत करा' म्हणाली नाहीस. मदत मागितली की माणूस घड्याळ बघतो, असं तुझं म्हणणं. एका माणसाकडे एकच शब्द मागायचा. दुसरा त्यानं होऊन आणला पाहिजे. आणला तर माणूस आपला, नाही आणला तर एक शब्द तर मिळाला. फळ्यावर अर्थाखाली सांगणाऱ्याचं नाव आणि गाव, हा तुझा कायदा. मी म्हणायचे, कोशात नावं कशाला, अर्थ महत्त्वाचा. पण निलंग्याकडची एक बाई आपलं नाव भिंतीवर बघायला सगळ्या सुना घेऊन आली होती, हेही मीच बघितलं. आणि आधीच आलेला शब्द कुणी पुन्हा घेऊन आलं, की मी कपाळाला हात लावायचे. तू मात्र त्या माणसाचं नावही खाली लिहायचीस. "पुन्ना आला म्हंजे शब्द जिता हाय," म्हणायचीस. मी 'पुनरुक्ती' म्हणून बाजूला टाकलेले कागद तू गुपचूप परत आत घालायचीस. तुला वाटायचं मला कळत नाही. कळत होतं गं.

तू मला 'तपासनीस' म्हणायला लागलीस आणि सगळी गिरणी म्हणायला लागली. रशीदभाईंच्या फोनमध्येही माझं नाव 'तपासनीस बाई' असंच आहे.

मग क्लास आले. दर इतवारी गिरणीच्या बाकावर जमणारी आपली माणसं एकेक करून कमी झाली. शिकवण्याचा हात ज्याला होता, त्याची संध्याकाळ आणि इतवारही क्लासवाल्यांनी आधीच बोलून ठेवलेला. पदार्थविज्ञानाचे जाधव सर तर आपले सगळ्यात जुने गडी, तेही क्लासकडे गेले. मी म्हटलं, संपलं, आता आवरतं घेऊ. तू म्हणालीस, "ते गेले त्यांच्याबरुबर हजार पोरं आली की गावात. किनवटची, देगलूरची, इस्लापूरची. पोटापुरते शब्द तर त्यांच्याकडंबी आसतीलच." आणि खरंच, मेसवाल्या बाया पोत्यानं दळण आणायला लागल्या आणि त्यांच्या मागून घरच्या भाकरीसाठी जीव टाकणारी हॉस्टेलची पोरंपोरी यायला लागली. आपल्याला वाटलं होतं भूकंपातल्या गावांचा कोश होईल. क्लासांनी तो अख्ख्या मराठवाड्याचा करून टाकला.

जाधव सरांनाही तू सोडलं नाहीस. त्यांच्या क्लासच्या दारात उभी राहून तू त्यांना सांगितलंस, "सर, तुमच्या गावात माळवदावरल्या उजेडाच्या भोकाला झरोका म्हणतात, आसं लिहून टाकलं बगा." सर चिडले. "झरोका? आमच्याकडं? आवो, सवणं म्हणतात, सवणं!" पुढच्या इतवारी ते दोन म्हाताऱ्यांना रिक्षात घालून घेऊन आले, साक्षीदार म्हणून. मी बाकावर बसून सगळं ऐकत होते आणि तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. सवणं हा शब्द तुला वर्षानुवर्षं माहीत होता. मीच तर सांगितला होता. मी रशीदभाईंकडे बघितलं, तर ते पट्ट्याकडे तोंड करून हसत होते.

"नले, तू फळ्यावर मुद्दाम चुकीचं लिहितेस?"

"कधी कधी."

"म्हणजे बळदाच्या वेळीसुद्धा?"

तू हसलीस फक्त. ते हसू मला किती झोंबलं, ते मी तुला पुरतं कधी सांगितलंच नाही. मला वाटत होतं, मी माझ्या शहाणपणानं, माझ्या इच्छेनं ह्या कामात पडले. आणि आता कळलं की मासा गळाला लागतो तशी मी लागले होते. मी म्हटलं, लोकांना कामाला लावायचं तर सरळ सांगावं, असं फसवून ओढू नये. तू म्हणालीस, "सरळ सांगून बगितलं की आपण. परिपत्रक काढलं व्हतं ना तू?" ह्यावर रशीदभाईंनी गिरणी बंद करून हसून घेतलं. पण मी खरंच चिडले होते. त्यानंतर कितीतरी वर्षं, कशावरूनही आपलं वाजलं की मी तिथंच यायचे: "मला तर तू पहिल्याच दिवशी फसवलंस." आणि तू दर वेळी तशीच हसायचीस. 'नाही' म्हणाली नाहीस, 'हो' म्हणाली नाहीस.

दुसरं भांडण पुस्तकाचं. मी म्हणायचे, आता छापू. तुझं ठरलेलं उत्तर, "छापलं की लोक खोडायचे थांबतील." मला ते आळसाचं सोंग वाटायचं. तू आजारी पडलीस तेव्हा नांदेडला दवाखान्यातही मी तेच काढलं. तू म्हणालीस, "तपासनीस, माझ्या गाठोड्यात आजून दोन-तीन चुका हायत, त्या फळ्यावर लिहू दे, मग छाप." मी हसले. त्या हसण्यात आपण एकमेकींचा निरोप घेतला, हे त्या वेळी कळलं नाही. कळलं असतं तर मी भांडण लांबवलं असतं.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेला मी हदगावला आले. लातूरहून नांदेड, तिथून दुसरी एस.टी. त्रिसरण-पंचशील झालं. मग तुझ्याबद्दल बोलायला सांगितलं. तुझ्या शाळेतल्या बाया नुसत्या डोळे पुसत होत्या. कुणीतरी 'फार प्रेमळ होत्या' म्हणालं आणि बसलं. तू आणि नुसती प्रेमळ! मला राहवेना. मी उठले आणि म्हटलं, प्रेमळ होतीच, पण लबाडही होती. आणि फळ्याची गोष्ट सांगितली. बळदाचा अर्थ तिनं मुद्दाम चुकवून लिहिला, मी फसले, आणि एका खोट्या ओळीपायी जन्मभर तिच्याशी बांधली गेले. लोक हसले. मला बरं वाटलं, तुला शोभेल असं काहीतरी बोलले म्हणून.

तुझे दादा हसले नाहीत. पांढऱ्या सदऱ्यात ते पहिल्या रांगेत बसले होते. हात वर करून, शाळेतल्या पोरासारखे, ते म्हणाले, "बाई, तुमचं चुकलं."

सगळी सभा त्यांच्याकडे वळली.

"बाकीचे शब्द ती मुद्दाम चुकवायची. आमाला सांगायची, हसायची. पर बळद न्हाई. बळद तिला ठावंच नव्हतं. आमच्या घरी कुठून यावं बळद? पसाभर जवारी, ती मडक्यात. भूकंपाच्या वक्ताला आमी दोघं मदतीच्या कामाला गेलतो. ढिगाऱ्याम्होरं एक म्हातारी बसलेली. नलीला म्हणली, माय, बळदात जवारी हाय, तेवढी काढा. नलीला वाटलं, बळद म्हंजी बैलाची जागा. तिनं सगळ्यायला गोठ्याकडची माती उपसायला लावली. अख्खा दिवस. म्हातारी वराडून राहिली, तिकडं न्हाई, बळदात, बळदात. नली म्हणं, आवं इथंच तर खांदून राहिलो. सांजच्याला पाऊस आला. काम थांबलं."

दादा थांबले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी गिरणीवर खोडलं ना, त्याच इतवारी ती मला घेऊन त्या गावात गेली. भिंतीच्या अंगानं जवारी उगवून, वाढून, वाळून गेलती. ढिगाऱ्यातून जवारीची ताटं वर आलती. नली तिथं बसून रडली. मग शेडमधी म्हातारीला हुडकून पाया पडली. म्हातारी म्हणली, जाऊ दे माय, तुझ्या घरी बळद नव्हतं, त्यात तुझा काय गुन्हा. तवापून ती म्हणायची, एक शब्द ठावा नसला तर माणूस चुकीच्या जाग्याला खांदतो. आन् म्हणायची, म्या चुकीचं लिहिलं म्हणून एक बाई भांडायला आली, न्हाई तर मला जन्मात कळलं नसतं. चूक लई कामाची चीज हाय, दादा."

ते बसले. मी उभीच होते. आणि मग मागून एक बाई म्हणाली, "माझ्या तर गावाचं नावच चुकून लिहिलं व्हतं तिनं." दुसरं कुणी म्हणालं, "काहून? तुझं गाव तरी लिहिलं. मला तर पाथरीचा केला." जाधव सर उठून म्हणाले की झरोक्याची गोष्ट मी अर्धीच सांगितली. ती सभा मग बराच वेळ उठली नाही. सगळे एकमेकांचं खोडत होते.

परतीच्या गाडीत मी तुझ्याशी भांडत आले. इतकी वर्षं मी तुला फसवी म्हणत राहिले आणि तू एकदा तरी 'न्हाई गं' म्हणायला काय झालं होतं? मग मीच उत्तर शोधायला लागले. सांगितलं असतंस तर माझ्या माहेरच्या बळदाची आणि तुझ्या घरच्या मडक्याची गोष्ट आपल्या दोघींमध्ये येऊन बसली असती. मी जरा मऊ वागले असते तुझ्याशी, शब्द जपून वापरले असते. आणि जपून बोलणारी तपासनीस तुला नको होती. तुला भांडणारी हवी होती. हे माझं अनुमान. चुकलं असेल तर खोडायला तू नाहीस, हे सगळ्यात वाईट आहे.

पण एक गोष्ट मनातून निघून गेली, नले. मी गळाला लागलेली नव्हते. तुला खरंच माहीत नव्हतं, मला खरंच माहीत होतं, आणि मी सांगितलं. तू ऐकलंस. एवढंच झालं होतं त्या दिवशी. त्या भाबड्या चुकीतून तू तुझी सगळी विद्या उभी केलीस, आणि त्या विद्येचा पहिला धडा मी दिला होता. तुझ्यावर इतका राग आणि इतका जीव एकाच वेळी कधी आला नव्हता. पाठीवर एक धपाटा घालायचा होता तुझ्या. खूप आठवण येते गं.

पुस्तक आपण छापू. मी मागं लागेनच. पण आधी फळा.

काल मी जवारीचा डबा घेऊन गिरणीवर गेले. रशीदभाईंना म्हटलं, भिंत कुणाला द्यायची नाही. ते म्हणाले, "मी तर तुम्हाला पुसायचं म्हणून पुसलो बाई. क्लासवाल्याला काल्हच न्हाई सांगून ठेवलं." मी फळा ओल्या फडक्यानं पुसला. जन्मात कधी जाणूनबुजून चुकीचं लिहिलं नव्हतं. पण लिहिलं, तुझ्यासारखंच मोठ्या अक्षरात: 'बळद म्हणजे बैल बांधायची जागा.' खाली नाव घातलं, 'नलू, हदगाव.' आणि खडू फळीवर ठेवून बाकावर जाऊन बसले.

दळण अर्ध्यावर आलं असेल. मेसचं पोतं घेऊन आलेली एक बाई फळ्यापुढं थांबली. पदराला हात पुसले, मान वाकडी करून वाचलं, पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे वळली.

"बाई, हे कोणी लिहिलंय? साफ चुकलंय हे."



"हाव का?" मी म्हटलं, आणि डबा सरकवून तिला जागा केली. "मग बसा. आणखी सांगा."